कला आणि सांस्कृतिक इतिहासाची व्याख्याने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातील आमच्या कला मंडळाच्या व्याख्यानांविषयी पत्रांतून, फोनवरून आणि मुख्यतः व्याख्यान संपल्यावर सभागृहाच्या दारात उभे राहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने येणाऱ्यांचे आहेत. पुढचे प्रश्न व्याख्यान देऊ इच्छिणारे, घरात जुनी वस्तू असलेले आणि वाद घालण्याची आवड असलेले श्रोते विचारतात.

१. ही व्याख्याने नेमकी कशाविषयी असतात?

चित्र, शिल्प, मंदिर, वाडा, विहीर, नाटक, गाणे, वाद्य आणि तमाशा हे सर्व विषय येथे येतात. मंडळाची अट एकच आहे. व्याख्यानात निदान एक वस्तू अशी असावी, जी श्रोत्याला सकाळी साताऱ्याहून निघून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून परत येता येईल. इटलीतील भित्तिचित्रांवर बोलणाऱ्या व्याख्यात्यालाही शेवटी वाई किंवा मेणवलीच्या भिंतीपाशी यावे लागते. ही अट काहींना संकुचित वाटते. परंतु पडद्यावर पाहिलेली गोष्ट प्रत्यक्ष पाहायला श्रोता गेला नाही, तर त्या व्याख्यानाचे काम अर्धेच झाले, असे आम्ही समजतो.

२. मला चित्रकलेतले काहीच कळत नाही. मी आले तर चालेल का?

अवश्य यावे. आमच्या नियमित श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, शेतकरी आणि गृहिणी अधिक आहेत. चित्रकार मोजकेच आहेत. व्याख्यात्याने पारिभाषिक शब्द वापरला, तर तो तेथेच साध्या मराठीत उलगडून सांगावा, असे आम्ही त्याला आधी कळवतो, आणि तो विसरला तर श्रोत्याने मध्येच हात वर करण्यास हरकत नाही.

३. सभासद असणे आवश्यक आहे का?

नाही. सभासदांना कार्यक्रमाचे पत्रक घरी येते आणि सहलींत आधी जागा मिळते, एवढाच फरक आहे. व्याख्यान सर्वांना खुले असते.

४. व्याख्याने कधी होतात आणि किती वेळ चालतात?

हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असतो. पावसाळ्यात साताऱ्यात घराबाहेर पडणे जिकिरीचे होते, आणि सप्टेंबरमधील शनिवार-रविवारी कासकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे शहरातून वाट काढणेही अवघड असते. व्याख्यान एक तासाचे असते आणि त्यानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरे होतात. तासाच्या मर्यादेबाबत आम्ही कठोर आहोत. ज्याला एका तासात एका मंदिराविषयी सांगता येत नाही, त्याला तीन तासांतही सांगता येत नाही, असा अनुभव आहे.

५. लहान मुलांना आणावे का?

साधारणतः दहा वर्षांपुढील मुले शांतपणे बसतात. त्याहून लहान मुलांना सभागृहापेक्षा सहलीला आणावे. विहिरीच्या पायऱ्या आणि देवळावरचे प्राणी त्यांना पडद्यावरील चित्रांपेक्षा अधिक आवडतात.

६. गावात वसंत व्याख्यानमाला असतेच. मग ही वेगळी मालिका कशासाठी?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावी ही प्रथा रुजली. तिचे ऋण मोठे आहे. पण तेथे वक्तृत्व केंद्रस्थानी असते, आणि श्रोता डोळे मिटून ऐकत बसला तरी त्याचे काही बिघडत नाही. आमच्याकडे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण बोलणे पडद्यावरील वस्तूला धरून चालते. ‘आपला दैदीप्यमान वारसा’ अशा शब्दांनी सुरू होऊन त्याच शब्दांवर संपणारे भाषण आम्ही शक्यतो टाळतो. अभिमान वाटावा याला कोणाचीच हरकत नाही. पण वस्तू कोणी, कशाने, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या गरजेपोटी घडवली हे कळल्यावर वाटणारा अभिमान अधिक टिकतो.

७. सातारा जिल्ह्यात चित्रकलेविषयी बोलण्यासारखे आहे तरी काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुधा साताऱ्यातच जन्मलेल्या माणसाकडून येतो. त्याचे पहिले उत्तर औंध हे आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ते अधिक लोकांना ठाऊक आहेत. मात्र रामायणातील प्रसंगांची त्यांनी काढलेली चित्रमालिकाही पाहण्याजोगी आहे. यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे, म. वि. धुरंधर यांची चित्रे आणि लघुचित्रे आहेत, आणि त्यांच्या सोबतीला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई व मूल यांचे शिल्पही आहे. विसाव्या शतकातील युरोपच्या शिल्पकलेला वळण देणाऱ्या या शिल्पकाराचे काम पाहण्यासाठी लोक परदेशी जातात. आपल्याला रहिमतपूरमार्गे तास-सव्वा तास पुरतो.

औंधवरील व्याख्यानात आम्ही रविवर्मांचे एक चित्र आणि मूर यांचे शिल्प शेजारी शेजारी दाखवतो. एकात वस्त्राची चुणी, दागिन्याची चमक आणि चेहऱ्यावरचा भाव यांवर सारी मेहनत आहे. दुसऱ्यात चेहरा जवळजवळ पुसून टाकला आहे आणि दगडाचा गोलावा तेवढा उरला आहे. दोन्ही एकाच संस्थानिकाच्या संग्रहात सामावली, यातून त्या माणसाच्या रसिकतेचा आवाका कळतो. हीच गोष्ट त्याच सुमारास, १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली प्रजेला स्वराज्याची घटना देणाऱ्या राजाची आहे, हेही त्या व्याख्यानात सांगावे लागते, कारण संग्रहालय आणि घटना यांच्यामागचे मन एकच होते.

दुसरे उत्तर कृष्णाकाठचे आहे. वाईतील रास्त्यांचा मोतीबाग वाडा आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा येथे पेशवाईतील भित्तिचित्रे आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेल्या या चित्रांत देवदेवता आणि पुराणांतील प्रसंग आहेत, वेलबुट्टीही आहे; परंतु त्यांतील माणसांच्या पगड्या, नेसलेली लुगडी आणि बसण्याच्या तऱ्हा चित्रकाराच्या स्वतःच्या काळातल्या आहेत. पोशाखाचा इतिहास शिकवायला याहून चांगले साधन नाही. (या चित्रांच्या सद्यःस्थितीविषयी प्रश्न १९ पाहावा.)

८. सहल व्याख्यानाच्या आधी असते की नंतर?

नेहमी नंतर, आणि शक्यतो पुढच्याच रविवारी. आधी सहल ठेवली तर मंडळी घाटावर छायाचित्रे काढून आणि वाईत जेवून परत येतात. व्याख्यान ऐकून गेलेला माणूस वाईच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेतल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जातो आणि १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या या देवळाची मागील भिंत माशासारखी निमुळती का आहे, हे पाहतो. कृष्णेचा पूर त्या टोकावर दुभंगावा, अशी ती योजना आहे. मेणवलीलाही तो घाटावरील मोठ्या घंटेखाली उभा राहून तीवरील मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि १७०७ हे साल शोधतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत पोहोचल्या, त्यांपैकी ही एक होय.

९. विहीर हा कलेचा विषय कसा होऊ शकतो?

लिंब येथील बारा मोटेची विहीर पाहिल्यावर हा प्रश्न सहसा उरत नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे सुमारे १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवली. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट आहे. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात, अशी ती योजलेली असून पाणी आसपासच्या आमराईला जाई. वरून पाहिले तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला पायऱ्यांचा भाग मिळून शिवलिंगासारखा आकार दिसतो. या दोन भागांच्या मधोमध, पाण्याच्या वर, खांबांवर तोललेला लहानसा महाल आहे.

स्थापत्याच्या व्याख्यात्याला येथे हवे ते सर्व मिळते. मोटेच्या दोराचा ताण दगडावर कसा येतो, उन्हाळ्यात महालात गारवा कसा राहतो, दाराच्या चौकटीवर सिंह आणि हत्ती का कोरले आहेत, आणि सिंचनाच्या सोयीवर एवढी शोभा करण्याची ऐपत व इच्छा त्या काळी कोठून आली, असे प्रश्न तेथे उभे राहिले की आपोआप सुचतात. आमच्या मते जिल्ह्यातील एकाच वास्तूवर व्याख्यान द्यायचे झाले, तर ते याच विहिरीवर द्यावे.

१०. आमच्या गावात हेमाडपंती देऊळ आहे. त्यावर व्याख्यान ठेवाल का?

ठेवू, मात्र ‘हेमाडपंती’ हे कालनिर्णयाचे प्रमाण म्हणून आम्ही स्वीकारत नाही. हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी मंत्री होता. चुन्याशिवाय, दगडांच्या सांध्यांवर आणि वजनावर उभी राहणारी बांधणी त्याच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती त्याच्या कितीतरी आधीपासून प्रचारात होती. अंबरनाथच्या देवळातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे, आणि तरीही त्या देवळाला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. शिवाय पुष्कळ देवळांत गाभारा यादवकालीन, सभामंडप मराठेशाहीतील आणि शिखर विटा-चुन्याचे अगदी अलीकडचे असते. अशा देवळाला एकच साल चिकटवणे चुकीचे ठरते.

गावाने आपल्या देवळाविषयी लिहिताना खांबांची, दारशाखेची (दाराच्या कोरीव चौकटीची) आणि छताची छायाचित्रे पाठवावीत, तसेच आवारात शिलालेख असल्यास त्याचेही छायाचित्र द्यावे. अक्षरांत शेंदूर, खडू किंवा पीठ भरू नये. तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी काढलेल्या छायाचित्रात अक्षरे अधिक स्पष्ट येतात. लेखात शक असल्यास त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत, बहुधा ७९ मिळवावे लागतात.

देवळापेक्षाही आम्हांला आवारातील वीरगळांत, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळांत, अधिक रस असतो, आणि नेमके तेच दुर्लक्षित असतात. कोठे त्यांवर कपडे धुतले जातात, तर कोठे रंग फासून देव म्हणून पुजले जातात. वीरगळ खालून वर वाचावा. सर्वांत खाली लढाई किंवा गाईंच्या रक्षणासाठी झालेली चकमक, तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर स्मृती अखंड राहावी म्हणून कोरलेले चंद्र-सूर्य असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. ज्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही, अशा माणसाचे हे स्मारक असते. त्यावरील घोडा, ढाल आणि केशरचना पाहून जाणकार त्याचा काळ पुष्कळसा ठरवू शकतो.

११. पहिले मराठी नाटक सांगलीत झाले की तंजावरला? मागच्या व्याख्यानात व्याख्याते यावर गुळमुळीत बोलले.

ते गुळमुळीत बोलले नसून प्रश्नाचे दोन भाग करून बोलले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हा खेळ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत केला. हाच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हटले जाते ते याच कारणाने. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसेच मराठीत करावे, ही राजाची इच्छा त्यामागे होती. सूत्रधाराने पदे म्हणावीत आणि पात्रांनी त्यांच्या अनुरोधाने आयत्या वेळी संवाद बोलावेत, असा त्या खेळाचा घाट होता. राजाश्रय संपल्यावर मंडळी फिरतीवर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले, तेथून मराठी नाटकाचा धंदा सुरू झाला.

दुसरीकडे, तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलेल्या शाहराजांनी, मराठीत नाटके रचली होती आणि ती दरबारात होत असत. म्हणजे लिखित मराठी नाटक हाच निकष असेल, तर मान तंजावरचा आहे. आज आपण पाहतो त्या रंगभूमीची सलग परंपरा हा निकष असेल, तर ती सांगलीपासून मोजावी लागते, कारण तंजावरच्या नाटकांचा धागा इकडे पोहोचला नाही. ‘पहिले’ हा मान देताना निकष सांगितलाच पाहिजे, अशी आमची व्याख्यात्यांना सूचना असते. सांगलीकर श्रोत्यांना हे दरवेळी रुचत नाही. त्यांना एवढेच म्हणावेसे वाटते की हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची नावे जोडीला असताना त्यांच्या गावाला आणखी एका बिरुदाची गरज नाही.

१२. संगीतावरील व्याख्यानात गाणे असते का?

असते, पण मैफल नसते. गायक दोन-तीन मिनिटे गाऊन थांबतो आणि काय केले ते सांगतो. मैफल ऐकायची असेल, तर औंधच्या संगीत महोत्सवाला जावे.

मिरजेच्या तंतुवाद्यांवरील व्याख्यान आम्ही शक्य तेव्हा कारागिरालाच द्यायला सांगतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली आणि आजही त्या परंपरेतील घरे हेच काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे भोपळे वाळवून, त्यांवर तबली आणि दांडी बसवून वाद्य तयार होते, हे सर्वांना दाखवता येते. खरी परीक्षा जवारीची आहे. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, वरची बाजू कानसीने किंचित उतरती घासली जाते, तार तिला हलकेच स्पर्श करत कंप पावते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा पुढे-मागे सरकवताना आवाज कोठे ‘उघडतो’, हे श्रोत्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पंधरा मिनिटांच्या स्पष्टीकरणाची गरज राहत नाही.

याच व्याख्यानाला अब्दुल करीम खाँ यांचा विषय जोडून येतो. किराणा घराण्याच्या या गायकाने मिरजेत वास्तव्य केले, १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, आणि मिरजेतच ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसात तेथे आजही गायक-वादक हजेरी लावतात. मिरज आमच्या ‘सकाळी जाऊन संध्याकाळी परत’ या अटीत जेमतेम बसते, पण बसते.

१३. तमाशाला तुम्ही कला मानता का? मंडळाच्या कार्यक्रमांत तो दिसत नाही.

मानतो, आणि या तक्रारीत तथ्य आहे. तमाशावर बोलणारे पुष्कळ मिळतात. त्याची पदे, तालाची रचना आणि वगाचा, म्हणजे त्यातील कथानाट्याचा, बांधा उलगडून दाखवणारे कमी मिळतात. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, यांनी जात आणि वतन यांची पर्वा न करता फडात उभे राहून लावण्या रचल्या. त्याच तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी वगाला कामगारांच्या लढ्याचे रूप दिले. ज्या जातींतील कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगवली, त्यांचा उल्लेख टाळून ‘लोककला’ एवढाच गोंडस शब्द वापरणारे व्याख्यान आम्हांला नको आहे. ढोलकी आणि हलगी वाजवून दाखवणारा, तसेच गण, गौळण, बतावणी आणि वग हा क्रम उदाहरणांसह समजावणारा जाणकार आपल्या माहितीत असल्यास अवश्य कळवावे.

१४. मला व्याख्यान द्यायचे आहे. काय करावे लागेल?

एका पानाचे टिपण आणि दाखवायच्या वस्तूंची यादी पाठवावी. पदवीची अट नाही. आमची काही उत्तम व्याख्याने शाळेतील निवृत्त चित्रकला शिक्षकांनी दिली आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी वर्षानुवर्षे मुलांना वस्तुचित्र शिकवलेल्या माणसाची नजर फार तयार असते. टिपण वाचताना आम्ही तीन गोष्टी पाहतो : विषय पुरेसा लहान आहे का, व्याख्यात्याने वस्तू स्वतः पाहिली आहे का, आणि दंतकथा कोणती व पुरावा कोणता हे त्याला वेगळे सांगता येते का. दंतकथेला आमची बंदी नाही. ती दंतकथा म्हणून सांगावी.

‘महाराष्ट्राची कला : सातवाहन ते आजपर्यंत’ अशा शीर्षकाची टिपणे आम्ही नम्रपणे परत करतो आणि त्याऐवजी कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यावर बोलण्याची विनंती करतो.

१५. मानधन मिळते का?

प्रवासखर्च आणि माफक मानधन मिळते. कारागीर आणि लोककलावंत यांना प्राध्यापकांइतकेच दिले जाते.

१६. पडद्यावर चित्रे दाखवताना कोणती काळजी घ्यावी?

तासाभराला पंचवीस ते तीस चित्रे पुष्कळ होतात. चित्रावर मजकूर नसावा. श्रोता वाचू लागला की पाहणे थांबवतो. प्रत्येक वस्तूचे खरे माप तोंडी सांगावे, कारण पडद्यावर हातभर लघुचित्र आणि दोन मजली भिंत सारख्याच आकाराची दिसतात आणि त्यामुळे अनेक गैरसमज होतात. आधी संपूर्ण वस्तू, मग तपशील आणि शेवटी पुन्हा संपूर्ण वस्तू असा क्रम ठेवावा. इंटरनेटवरून घेतलेल्या प्रतिमांचे रंग बहुधा भडक केलेले असतात. स्वतः काढलेले साधे छायाचित्र त्यांपेक्षा विश्वासार्ह असते. वीज गेल्यास पडद्याविना पुढे जाता यावे, म्हणून दोन-चार मोठे छापील फोटो जवळ ठेवणे शहाणपणाचे आहे.

१७. जुनी चित्रे दाखवायला किंवा पत्रकावर छापायला परवानगी लागते का? व्याख्यानाचे चित्रीकरण करता येईल का?

भारतीय कायद्यानुसार कलावंताच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये आणि धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे मुक्त आहेत. हेन्री मूर १९८६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या कामावरील हक्क २०४६ अखेरपर्यंत राहील. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. लोकांना प्रवेश असलेल्या जागी कायम ठेवलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्यास कायदा सवलत देतो. चित्रांना ही सवलत नाही. टीका किंवा परीक्षण करताना चित्र दाखवण्यास न्याय्य वापराची मुभाही आहे, परंतु तेच चित्र पत्रकावर शोभेसाठी छापणे त्या मुभेत बसेलच असे नाही.

संग्रहालयात छायाचित्रण करू द्यायचे की नाही, हा त्या संग्रहालयाच्या नियमांचा भाग आहे. प्रताधिकार संपलेल्या चित्रालाही हे नियम लागू होतात, आणि दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रावर त्या छायाचित्रकाराचा स्वतंत्र हक्क असू शकतो.

व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण व्याख्यात्याच्या संमतीने मंडळ करते. श्रोत्यांनी चित्रीकरण करून व्हॉट्सॲपवर तुकडे पाठवू नयेत. प्रश्न ११ मधील विषयाचा अर्धाच भाग फिरल्याने काय होते, हे आम्ही पाहिले आहे.

१८. आजोबांच्या काळचे रविवर्म्याचे चित्र आमच्या घरी आहे. ते आणून दाखवू का? किंमत सांगाल का?

दाखवावे, किंमत आम्ही कोणत्याही वस्तूची सांगत नाही. घरोघरी असलेली बहुतेक चित्रे ही रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातील शिळाप्रेसची चित्रे असतात. त्यांवर रोगण दिलेले असल्याने ती तैलचित्रांसारखी चमकतात. भिंगातून पाहिल्यावर रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ते छापील चित्र आहे असे समजावे. यात निराश होण्याचे कारण नाही. लक्ष्मी-सरस्वतीची जी रूपे आज आपल्या मनात आहेत, ती याच छापील चित्रांनी देव्हाऱ्यापर्यंत पोहोचवली, आणि सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. काही चित्रांवर जरतार आणि टिकल्या चिकटवून घरातल्या बायकांनी देवीला साडी नेसवलेली असते. अशी सजवलेली प्रत आपल्याकडे असल्यास ती आम्हांला आधी पाहायला आवडेल.

मूर्ती, ताम्रपट, पोथ्या किंवा मूळ चित्रे यांच्याबाबत कायदा ध्यानात घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारणतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि हस्तलिखिते असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुनी, देशाबाहेर नेता येत नाहीत; त्यांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो, आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली मूर्ती अथवा नाण्यांचा हंडा घरी ठेवता येत नाही. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अशी वस्तू व्याख्यानाला आणू नये. आम्ही ती पाहणार नाही.

१९. आमच्या वाड्यातील भित्तिचित्रे उडू लागली आहेत. ती आम्हीच पुसून स्वच्छ केली तर चालेल का?

कृपया हात लावू नये. ओले फडके, साबण, लिंबू किंवा बटाटा यांपैकी काहीही लावले, तरी गिलाव्यावरील रंग सुटतो आणि परत मिळत नाही. बरेचदा मूळ रोग भिंतीच्या मागे असतो : फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ किंवा पायथ्याशी साचणारे पाणी. तो आधी दुरुस्त करावा. त्या भिंतीवर नवा खिळा ठोकू नये, चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा हात देऊ नये, आणि खाली स्वयंपाकाची चूल अथवा उदबत्त्यांचे घर ठेवू नये. दर सहा महिन्यांनी, शेजारी मोजपट्टी धरून, त्याच जागेवरून छायाचित्र काढावे आणि मागे तारीख लिहावी. संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला या नोंदींचा सर्वाधिक उपयोग होतो.

वाड्यात भाऊबंदांची वाटणी झालेली असेल आणि चित्र दोघांच्या सामाईक भिंतीवर असेल, तर खर्च कोणी करायचा हा वाद मंडळ सोडवू शकत नाही. अशा वेळी आम्ही दोन्ही घरांच्या संमतीने चित्राची पूर्ण नोंद आणि छायाचित्रण विनामूल्य करून देतो व त्याची प्रत दोघांकडेही ठेवतो. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी, एप्रिल किंवा मे महिन्यात कळवावे.